शाळा आधी, संपत्ती नंतर : उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे पदाधिकारी, विश्वस्त आणि देणगीदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ज्या मंडळाचा बऱ्याच वर्षांपासून सभासद आहे, त्याच्या गेल्या सर्वसाधारण सभेत वार्षिक हिशेब वाचून दाखवला जात असताना ‘कलेस साहाय्य’ असे एक कलम आले. कुतूहल वाटून मी त्याचा तपशील विचारला, तेव्हा कळले की ती सगळी रक्कम भारतातून आलेल्या दोन कार्यक्रमांच्या विमानभाड्यावर, हॉटेलावर, सभागृहावर आणि ध्वनिव्यवस्थेवर खर्च झाली होती. कार्यक्रम उत्तम झाले, मीही पहिल्या काही रांगांत बसून त्यांचा आनंद घेतला, त्यामुळे तक्रार करण्याचा मला फारसा अधिकार नाही. पण इथल्या एखाद्या शाळेतल्या, वाद्य विकत घेऊ न शकणाऱ्या मुलांसाठी या कलमातून काही देता येईल का, असे मी विचारले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी अगदी सौम्यपणे उत्तर दिले : ‘आधी निधी मोठा होऊ द्या, मग तसले बघू.’ सभेने मान डोलावली आणि पुढचा विषय सुरू झाला. हे पत्र त्या ‘आधी’ आणि ‘मग’ या दोन शब्दांविषयी आहे. त्यासाठी मी आपल्याला आमच्या या वॉशिंग्टन शहरातल्या एका बाईंची हकिगत सांगणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांचे नाव ऐकलेले नसेल, मलाही ते फार उशिरा कळले.

जॉर्जटाउनमध्ये पस्तिसावा रस्ता आणि आर रस्ता जिथे मिळतात, तिथे दर्शनी खांबांची एक जुनी भारदस्त शाळा आहे. पूर्वी ती वेस्टर्न हायस्कूल म्हणून ओळखली जाई. १९७४ पासून तिथे ड्यूक एलिंग्टन स्कूल ऑफ द आर्ट्स भरते. ही सार्वजनिक शाळा आहे. शहरात राहणाऱ्या मुलामुलींना तिथे फी नाही आणि प्रवेश ऑडिशन घेऊन दिला जातो. ही शाळा ज्या दोन व्यक्तींनी उभी केली, त्यांतले एक माइक मलोन हे नृत्यदिग्दर्शक होते आणि दुसऱ्या होत्या पेगी कूपर. पुढे लग्नानंतर त्या पेगी कूपर कॅफ्रिट्झ झाल्या आणि आफ्रिकन-अमेरिकन कलेच्या या देशातल्या मोठ्या संग्राहकांत व आश्रयदात्यांत त्यांची गणना होऊ लागली. बहुतेक मृत्युलेखांचा भर या दुसऱ्या ओळखीवर होता. मला मात्र पहिली ओळख जास्त महत्त्वाची वाटते. ती नीट समजली की दुसरीचाही अर्थ बदलतो.

पेगी कूपर यांचा जन्म १९४७ सालचा, अलाबामा राज्यातल्या मोबील शहरातला. घर गरीब नव्हते, हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांना खडतर बालपणाच्या साच्यात बसवणे खोटेपणाचे होईल. वडिलांचा अंत्यविधी-व्यवस्थेचा आणि विम्याचा व्यवसाय होता. वंशभेदाच्या काळात दक्षिणेतल्या काळ्या समाजात हे दोन व्यवसाय स्वाभिमानाने जगण्याइतकी मिळकत देत असत, कारण गोऱ्यांच्या कंपन्या या समाजाच्या मरणाचीही नीट सोय करायला तयार नसत. पण खिशात पैसे असले म्हणून दार उघडत नसे. दुकान, शाळा, बसमधली जागा, सगळीकडे कातडीचा रंग आधी पाहिला जाई. पैशाने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्या घरातल्या मुलांना फार लवकर उमगले असणार, असा माझा अंदाज आहे.

त्या वॉशिंग्टनला जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात शिकायला आल्या. या विद्यापीठाचा एक इतिहास आपण लक्षात घ्यायला हवा. १९४६ साली तिथे लिस्नर नाट्यगृह उघडले, तेव्हा त्यात काळ्या प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. उद्घाटनाच्या नाटकात काम करायला आलेल्या इन्ग्रिड बर्गमन यांना हे इथे आल्यावर कळले, आणि त्यांनी पत्रकारांसमोर उघड नाराजी व्यक्त केली. नाट्यगृहाबाहेर निदर्शने झाली आणि पुढच्या वर्षी विश्वस्तांना धोरण बदलावे लागले. विद्यार्थी म्हणून काळ्या मुलांना प्रवेश मिळायला मात्र १९५४ साल उजाडले. त्याआधी १९३९ मध्ये याच शहरातल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने मॅरियन अँडरसन यांना त्या काळ्या आहेत म्हणून गायला जागा नाकारली होती, आणि त्या ईस्टरच्या दिवशी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे पंचाहत्तर हजार लोकांसमोर गायल्या होत्या. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांची लढाई शाळा, बस आणि उपाहारगृहांइतकीच नाट्यगृहाच्या दारातही लढली गेली आहे. कला हा हक्कांचा प्रश्न सुटल्यावर हाती घ्यायचा विषय आहे, असे या शहरातल्या काळ्या माणसाला कधी वाटले असेल, असे मला वाटत नाही.

विद्यापीठात पेगी कूपर यांनी काळ्या विद्यार्थ्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि तिथल्या विद्यार्थी-मंडळ्यांमधला वर्णभेद मोडून काढण्यासाठी त्या भांडल्या. ग्रीक अक्षरांची नावे असलेल्या या मंडळ्या वरवर पाहता मौजमजेच्या असतात. एकत्र राहणे, मेजवान्या, वार्षिक सोहळा, एवढेच बाहेरच्याला दिसते. पण नोकरीची शिफारस, ओळखी, लग्नाच्या गाठी आणि पुढच्या चाळीस वर्षांचे व्यवसाय तिथेच ठरत असतात. त्यामुळे आत कोणाला घ्यायचे, याची त्यांची ‘आमच्यासारखे लोक’ ही कसोटी दिसते तितकी निरुपद्रवी नसते. ज्या वयात बहुतेकांना अशा मंडळीत आपल्याला घेतले जावे एवढीच इच्छा असते, त्या वयात पेगी कूपर यांनी त्या मंडळीच्या नियमालाच आव्हान दिले. (मंडळ हा शब्द इथे आल्यामुळे मला काय आठवले, हे आपण ओळखले असेलच. त्यावर पुढे येतो.)

मग १९६८ चा एप्रिल आला. ४ तारखेला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. वॉशिंग्टनमध्ये चौदावा रस्ता, यू स्ट्रीट आणि एच स्ट्रीट पेटले, रस्त्यांवर सैन्य उतरले, आणि जळालेल्या दुकानांच्या त्या ओळी पुढे कित्येक वर्षे तशाच भकास राहिल्या. पेगी कूपर यांना त्याच आठवड्यात एकवीस वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी त्यांनी पदवी घेतली, त्याच विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासाला सुरुवात केली, आणि मलोन यांच्या साथीने शहरातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी कलाशिक्षणाची कार्यशाळा सुरू केली. तिच्या नावात ‘कलेतील करिअर’ असे शब्द होते, आणि ते मला फार मोलाचे वाटतात. दंगलीनंतर मुलांना रस्त्यावरून दूर ठेवावे, त्यांचे मन रमवावे, एवढाच हेतू असता तर ढोलकी, रंग आणि एक सहल पुरली असती, आणि त्यासाठी पैसे द्यायला त्या काळी पुष्कळ लोक तयारही झाले असते. या दोघांनी मात्र मुलांना उद्या या कामावर पोट भरता यावे, इतके कसून शिकवायचे ठरवले.

उन्हाळी कार्यशाळेपासून पूर्ण वेळच्या सार्वजनिक शाळेपर्यंत पोहोचायला सहा वर्षे लागली. या सहा वर्षांतल्या तीन वर्षांत पेगी कूपर कायद्याचा अभ्यास करत होत्या. १९७१ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. एखाद्या नोकरशाहीकडून नवी शाळा मंजूर करून घेणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी शनिवारच्या मराठी शाळेसाठी कुणाकडून तरी दोन खोल्या मिळवल्या आहेत, त्यांना थोडेफार ठाऊक असेल. १९७४ मध्ये शाळा उभी राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचे निधन झाले होते. ते याच शहरात १८९९ साली जन्मले होते, आणि शाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

शाळा कशी चालते, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण देणगीदारांना शिकण्यासारखे जे आहे ते या तपशिलातच आहे. इथला दिवस नेहमीच्या शाळेपेक्षा लांब असतो. मुलांना गणित, इंग्रजी, इतिहास, विज्ञान हे सगळे करावेच लागते आणि त्याखेरीज रोज काही तास निवडलेल्या कलेचे शिक्षण असते. नृत्य, गायन, वाद्यवादन, नाट्य, चित्रकला हे विषय अपेक्षितच आहेत. पण त्यांच्या जोडीला रंगमंचाची तांत्रिक बाजू शिकवणारा विभाग आहे, आणि संग्रहालयशास्त्राचाही आहे. पंधरा वर्षांच्या मुलांना संग्रहालय चालवायला शिकवणे, हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला विचित्र वाटले होते. मग लक्षात आले की चित्र काढणारा कितीही मोठा झाला, तरी भिंतीवर काय लागेल, तळघरात काय पडून राहील, लेबलावर कोणते वाक्य छापले जाईल, हे ठरवणारी माणसे निराळी असतात. ती सगळी एकाच वर्णाची, एकाच वर्गातली असतील, तर चित्रकाराने कितीही कष्ट केले तरी तो दाराबाहेरच राहतो. विद्यार्थी-मंडळ्यांशी भांडलेल्या मुलीला हे कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती.

या विभागात हँक विलिस थॉमस नावाचा एक मुलगा शिकला. पुढे तो नामवंत दृश्यकलावंत झाला. बॉस्टन कॉमनवर २०२३ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांचे जे शिल्प-स्मारक उघडले गेले, ते त्याचे आहे. किंग यांच्या हत्येच्या वर्षी सुरू झालेल्या कार्यशाळेतून उगवलेल्या शाळेतला विद्यार्थी पंचावन्न वर्षांनी किंग यांचेच स्मारक घडवतो, ही गोष्ट कुणी रचून सांगितली असती तर मी विश्वास ठेवला नसता. ऑपेरा गायिका डेनिस ग्रेव्ह्ज याच शाळेच्या, संगीतकार मिशेल एन्डेगिओचेलो याच शाळेच्या, आणि विनोदवीर डेव्ह शपेल हेही. शपेल यांचे नाव शाळेच्या नाट्यगृहाला द्यायचे ठरले होते. त्यावरून बराच वाद झाला, आणि २०२२ मध्ये समारंभाच्या दिवशीच त्यांनी आपले नाव नको म्हणून सांगितले, तेव्हा नाट्यगृहाला कलास्वातंत्र्य आणि अभिव्यक्तीचे नाव मिळाले. कारण काहीही असो, स्वतःचे नाव भिंतीवरून उतरवून घेणारा देणगीदार दुर्मीळ असतो. आपल्या स्मरणिकांमधली प्लॅटिनम, सुवर्ण आणि रौप्य प्रायोजकांची पाने चाळताना मला हा प्रसंग हटकून आठवतो.

आता संपत्तीकडे येतो. ‘त्यांना काय, त्यांच्या नवऱ्याकडे पैसा होता,’ असे कुणी म्हणेल, आणि ते चूक नाही. पेगी कूपर यांचे लग्न वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या बांधकाम व्यावसायिक घराण्यातल्या कॉनराड कॅफ्रिट्झ यांच्याशी झाले. पण हे लग्न १९८१ मधले आहे. तोवर कार्यशाळा सुरू होऊन तेरा वर्षे झाली होती आणि शाळेला सात. म्हणजे ज्या कामामुळे त्यांचे नाव राहणार होते, ते त्यांच्याकडे मोठा पैसा येण्याआधीच झालेले होते. सभेत ऐकलेल्या ‘आधी निधी, मग कला’ या उत्तराला माझ्यापाशी असलेले प्रत्युत्तर एवढेच आहे : सनावळी पाहा. विद्यार्थिदशेत त्यांनी वेळ, चिकाटी आणि भांडण्याची ताकद दिली. पुढे पैसा आला, तेव्हा तो कुठे जायला हवा हे आधीच ठरलेले होते. उलट क्रमाने जाणाऱ्यांचे काय होते, ते आपण पाहतोच. साठीत निधी जमतो, आणि मग तो कुठे द्यावा याचा सल्ला विचारायला माणूस आपल्यासारख्याच दुसऱ्या श्रीमंताकडे जातो.

पैसा आल्यावर त्यांनी काय केले, तेही सांगण्यासारखे आहे. त्यांनी चित्रे, शिल्पे, छायाचित्रे विकत घेतली, आणि ती बहुतांशी हयात असलेल्या, पुष्कळदा अगदी तरुण काळ्या कलावंतांकडून, ज्यांचा बाजारभाव अजून ठरलेला नव्हता. ज्या वेळी एखाद्या चित्रकाराला पुढचे सहा महिने काम करता येईल की नाही अशी चिंता असते, त्या वेळी झालेली खरेदी आणि तो प्रसिद्ध झाल्यावर लिलावात झालेली खरेदी यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या खरेदीचा पैसा बहुधा आधीच्या मालकाच्या खिशात जातो. पेगी कूपर वॉशिंग्टन शहराच्या कला आयोगाच्या अध्यक्ष होत्या, क्लिंटन यांच्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या कलाविषयक समितीवर होत्या, आणि २००० ते २००६ या काळात शहराच्या शिक्षण मंडळाच्या निवडून आलेल्या अध्यक्ष होत्या. या शेवटच्या कामाबद्दल फार कौतुकाने लिहिता येणार नाही. त्या काळात शहराच्या शाळांची अवस्था बिकट होती, मंडळात खटके उडत, आणि त्या पायउतार झाल्यावर लगेच, २००७ मध्ये, शाळांचा कारभार मंडळाकडून काढून महापौरांकडे देण्यात आला. शाळा घडवणे आणि शंभराहून अधिक शाळांची व्यवस्था चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे त्यावरून म्हणता येईल.

२९ जुलै २००९ च्या रात्री चेन ब्रिज रोडवरचे त्यांचे घर जळाले. अग्निशमन दल आले, पण तिथल्या नळांना पुरेसा दाब नव्हता आणि पाणी मिळवण्यातच वेळ गेला. घर आणि त्यातल्या तीनशेहून अधिक कलाकृती गेल्या. पेगी कूपर तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. एवढा संग्रह एका रात्रीत राख झाल्यावर कुणीही विम्याचे पैसे घेऊन शांत बसले असते, आणि त्यांना कुणी नावेही ठेवली नसती. त्यांनी दुसऱ्या घराच्या भिंती पुन्हा नव्या कलावंतांच्या कामाने भरायला घेतल्या. पुढची नऊ वर्षे त्यांनी हेच केले. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्या वर्षी शरद ऋतूत त्यांचे मृत्युपत्र लोकांसमोर आले. आगीनंतरच्या नऊ वर्षांत जमवलेल्या साडेसहाशेहून अधिक कलाकृतींपैकी चारशेहून अधिक न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमला, आणि सुमारे अडीचशे ड्यूक एलिंग्टन शाळेला.

स्टुडिओ म्युझियमला दिल्या, यात नवल नाही. ते संग्रहालयही १९६८ सालचे, काळ्या कलावंतांसाठी हार्लेममध्ये उभे राहिलेले. शाळेला दिल्या, याचे मात्र मला अजून नवल वाटते. ज्या कलाकृतींसाठी मोठमोठी संग्रहालये हात पुढे करून उभी असतात, त्यांतल्या अडीचशे एका सार्वजनिक हायस्कूलला, जिथे मुले दप्तर टाकून धावतात आणि डबा खातात! पण संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या हाती खरा संग्रह द्यायचा असेल, तर याहून सरळ मार्ग कोणता?

आता आपण. आपण याचे काय देणे लागतो, असा प्रश्न पडू शकतो, म्हणून एक तारीख सांगतो. १९६५ चा स्थलांतराचा कायदा होण्यापूर्वी भारतातून या देशात कायमचे यायला वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. संपूर्ण भारतातून शंभर. नागरी हक्कांच्या चळवळीने वंशावरून माणसांची प्रतवारी करणे या देशाच्या संसदेला लाजिरवाणे करून सोडले नसते, तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापाठोपाठ हा कोटा रद्द करणारा कायदा आला नसता, असे मानायला भक्कम आधार आहे. त्या कायद्याची पूर्ण अंमलबजावणी १९६८ च्या १ जुलैपासून झाली. म्हणजे ज्या उन्हाळ्यात जळालेल्या वॉशिंग्टनमध्ये दोन माणसे मुलांना नाच-गाणे शिकवायला उभी राहत होती, त्याच उन्हाळ्यात आपल्या आधीच्या पिढीसाठी दार पूर्ण उघडले. नागरी हक्कांच्या ज्या आंदोलनाने ते उघडायला लावले, त्यात आपण नव्हतो. आपण पदव्या घेऊन आलो, स्थिरावलो, आणि काही वर्षांत मंडळे काढली. त्या मंडळांच्या सभासदयादीत आणि व्यासपीठावर कोण दिसते आणि कोण दिसत नाही, महाराष्ट्रातल्या कोणत्या समाजांतली माणसे इथे असूनही आपल्या गणेशोत्सवाला फिरकत नाहीत आणि का, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. विद्यार्थी-मंडळ्यांतल्या त्या ‘आमच्यासारखे लोक’ या कसोटीपासून आपण फार दूर आहोत, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

‘आपण आपली भाषा आणि संस्कृती जपायची की शहरभराच्या मुलांना व्हायोलिन घेऊन द्यायची?’ हा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो मी थट्टेवारी नेत नाही. मराठी शाळांना पैसे कमी पडतात, हे खरे आहे, आणि त्या शाळांचा एक डॉलरही काढून घ्यावा असे मी सुचवत नाही. माझे म्हणणे फक्त करमणुकीवरच्या, पण हिशेबात ‘कला’ म्हणून दाखवलेल्या खर्चाबद्दल आहे. शिवाय कलेला आश्रय आणि वंचितांना शिक्षण या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत, ही समजूत तरी आपल्या परंपरेतली कुठे आहे? ज्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली आणि १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्यांच्याच पदरी गायक अल्लादिया खाँसाहेब होते आणि त्यांनीच शहराला नाट्यगृह बांधून दिले. त्यांचे चित्र आपण सभागृहात लावतो, म्हणून आठवण करून दिली.

माझी मागणी मोठी नाही. मंडळांनी आपल्या कार्यक्रम-खर्चाचा दहावा हिस्सा बाजूला काढावा आणि तो आपल्याच गावातल्या एखाद्या सार्वजनिक शाळेच्या कलाविभागाला द्यावा, कुठल्याही वंशाच्या मुलांसाठी, किमान पाच वर्षे सलग. एका वर्षाच्या देणगीने वाद्य येते, पण ते शिकवणारा शिक्षक टिकत नाही. कार्यशाळेची शाळा व्हायला सहा वर्षे लागली होती, हे ध्यानात ठेवूनच मी पाचाचा आकडा धरला आहे. त्याखेरीज इथे वाढलेल्या आणि इथेच राहणाऱ्या तरुण कलावंतांना आपण कार्यक्रमाला बोलावतो, तेव्हा ‘तुम्हाला व्यासपीठ मिळते’ असे सांगून फुकट राबवणे बंद व्हावे. त्यांना मानधन द्यावे, आणि मंडळाच्या कार्यालयात, पुरस्कारात, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर त्यांचे काम विकत घेऊन वापरावे. प्रत्येक कार्यक्रमात काही जागा त्या शाळेतल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी मोकळ्या ठेवाव्यात, आणि त्या शेवटच्या रांगेतल्या नसाव्यात. देणगीदारांना वेगळी विनंती आहे. आपण पैसे द्याल तेव्हा द्याल, पण त्या शाळेत महिन्यातून एक दुपार जाऊन बसा. त्या कलाविभागाला काय हवे आहे, ते तिथे बसल्याशिवाय आपल्याला कळणार नाही. कदाचित वाद्य हवे असेल. कदाचित संध्याकाळी सराव संपल्यावर मुलांना घरी सोडणारी गाडी हवी असेल, आणि तिच्यावर कुणाचेही नाव कोरता येत नाही.

हा मजकूर ठरावाच्या स्वरूपात मी आमच्या मंडळाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. घटनेप्रमाणे त्याची नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते आणि ती मी दिली आहे. ठरावाला अनुमोदक लागतो, तो मला अजून मिळालेला नाही. आमच्या मंडळाच्या सभासदांपैकी कुणी तयार असेल, तर त्यांनी सभेपूर्वी माझ्याशी बोलावे; आणि अन्य मंडळांत कुणी असा ठराव मांडणार असेल, तर त्यांनी तो या पत्रातून जशाच्या तसा उचलावा, माझे नाव घालण्याची गरज नाही.

आपला,
वॉशिंग्टनच्या उपनगरातील एक जुना सभासद